मॅपच्या किल्ल्या आणि व्हॅल्यू: नियम लिहिले, पण ते चालतात का?

डिलिव्हरीच्या दरांची एक छोटी यादी घेऊ. पुण्याच्या ४११००१ या पिनकोडला ४० रुपये, पणजीच्या ४०३००१ ला ६०, नागपूरच्या ४४०००१ ला ५५. पिनकोड दिला, दर मिळाला. अशा जोड्यांच्या साठ्याला गो आणि जावा या प्रोग्रामिंग भाषांत मॅप म्हणतात, पायथनमध्ये डिक्शनरी, जेसन या डेटा लिहिण्याच्या फॉर्मॅटमध्ये ऑब्जेक्ट. जोडीच्या पहिल्या भागाला सगळे ‘की’ म्हणतात, पण मराठी वाक्यात तो ‘की’ दुसऱ्या ‘की’त हरवतो, म्हणून इथे त्याला किल्ली म्हणू. दुसरा भाग व्हॅल्यू. टॅगांची, म्हणजे कोडमध्ये नियम लिहिण्याच्या खुणांची, नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत आणि अंकही देवनागरीत छापले आहेत. कोडमध्ये ती मूळ स्पेलिंगने आणि इंग्रजी अंकांत जातात.

या यादीचे नियम असे ठरले आहेत. मॅपमध्ये किमान १ आणि कमाल १००० जोड्या. किल्ली म्हणजे बरोबर सहा अंक, त्यातला पहिला शून्य नाही. व्हॅल्यू म्हणजे ० ते ५०० मधला पूर्णांक. ० चालतो, कारण त्याचा अर्थ डिलिव्हरी मोफत. पण व्हॅल्यूच दिलेली नसेल तर ते चालत नाही.

नियम चारच आहेत, तरी ते लिहिताना आणि तपासताना ज्या चुका होतात त्यातल्या बहुतेक गप्प असतात. कोड कंपाइल होतो, चाचण्या हिरव्या असतात आणि चुकीचा दर सरळ ग्राहकाच्या बिलात जातो.

‘नाकारलं’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही

पहिली चाचणी बहुतेकदा अशी लिहिली जाते: किल्ली ४११००, म्हणजे एक अंक कमी, आणि व्हॅल्यू ९००. व्हॅलिडेटरने, म्हणजे नियम तपासणाऱ्या कोडने, एरर दिली, चाचणी पास. आता किल्लीचा नियम पूर्ण काढून टाका. चाचणी तरीही पास होते, कारण ९०० ही व्हॅल्यू ५०० च्या वर असल्याने मॅप नाकारला जातोच. किल्लीचा नियम तपासायला लिहिलेली ही चाचणी किल्लीबद्दल काहीच सांगत नव्हती.

म्हणून प्रत्येक चाचणी एका पूर्ण वैध मॅपपासून सुरू करा. तीन-चार चांगल्या जोड्या असलेला मॅप बनवून देणारं एक छोटं फंक्शन लिहा. चाचणीने त्याची नवी प्रत घ्यायची, तिच्यात एकच गोष्ट बिघडवायची आणि तीन गोष्टी पाहायच्या: एरर कुठल्या जागेची आहे, कुठल्या नियमाची आहे आणि एकूण किती एरर आल्या. एकच गोष्ट बिघडवली असेल तर एररही एकच यायला हवी. दोन आल्या तर नियम एकमेकांवर चढले आहेत, किंवा तुमचा ‘वैध’ मॅप मुळात वैध नव्हता. दुसरी शक्यता टाळायला, न बिघडवलेला मॅप पास होतो ही चाचणी सगळ्यांच्या आधी लिहा.

प्रत मात्र खरोखर नवी हवी. गो, जावा आणि पायथन या तिन्हींत मॅप दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये टाकला तरी मॅप तोच राहतो. एका चाचणीने त्यात घातलेली वाईट जोडी पुढच्या चाचणीत शिल्लक राहते, आणि चाचण्यांचा क्रम बदलला की निकालही बदलतो.

बिघडवलेली जोडी एकटी ठेवू नका, चांगल्या जोड्यांच्या सोबत ठेवा. पहिली जोडी तपासून बाहेर पडणारा लूप ही खूप नेहमीची चूक आहे, आणि एकाच जोडीच्या मॅपवर ती कधीच दिसत नाही.

गो: एक टॅग विसरला की नियम दुसरीकडेच लागतो

गोमध्ये प्लेग्राउंड व्हॅलिडेटर ही लायब्ररी खूप वापरली जाते. नियम स्ट्रक्टच्या (फील्ड एकत्र बांधणाऱ्या रचनेच्या) फील्डवर टॅगमध्ये, स्वल्पविराम देत, डावीकडून उजवीकडे लिहायचे. आपल्या यादीसाठी क्रम असा येतो: मिन १, मॅक्स १०००, डाइव्ह, कीज, मग किल्लीचे नियम, एन्डकीज आणि शेवटी व्हॅल्यूचे नियम मिन ०, मॅक्स ५००. डाइव्हच्या आधी लिहिलेलं सगळं मॅपला लागतं. कीज आणि एन्डकीज यांच्या मधलं किल्लीला लागतं. एन्डकीजनंतरचं व्हॅल्यूला.

किल्लीचे नियम नसलेल्या मॅपवर डाइव्ह विसरला तर काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. मिन आणि मॅक्स हे टॅग ज्यावर बसतात त्याप्रमाणे अर्थ बदलतात: आकड्यावर बसले तर किंमत मोजतात, स्ट्रिंगवर बसले तर अक्षरं, मॅपवर बसले तर जोड्या. त्यामुळे डाइव्हशिवाय लिहिलेला मॅक्स ५०० म्हणतो, ‘५०० पेक्षा जास्त जोड्या नकोत’. ६०० जोड्यांचा पूर्ण वैध मॅप नाकारला जातो आणि ९००० रुपयांचा दर आरामात आत जातो. एररही नाही, इशाराही नाही. ही चूक पकडणारी चाचणी अगदी साधी आहे: एका चांगल्या मॅपमधली एक व्हॅल्यू ५०१ करा आणि एरर त्याच किल्लीच्या जागेवर आली का ते पाहा.

कीज हा टॅग डाइव्हच्या लगेच पुढेच यावा लागतो. मध्ये काही आलं तर लायब्ररी पॅनिक करते, म्हणजे मुद्दाम कोसळते. हे चांगलंच आहे, फक्त टॅग वाचले जातात ते त्या स्ट्रक्टचं पहिल्यांदा व्हॅलिडेशन होतं तेव्हा. त्या स्ट्रक्टवर एकही चाचणी नसेल तर पॅनिक पहिल्या खऱ्या रिक्वेस्टवर येणार.

आता किल्लीचे नियम. ‘लेन ६’ आणि ‘न्यूमरिक’ लिहिलं की झालं, असं वाटतं. पण या लायब्ररीतला न्यूमरिक टॅग अधिक-उणे चिन्ह आणि दशांश चिन्हसुद्धा स्वीकारतो. म्हणजे ‘-४११००’ ही किल्ली पास होते: लांबी सहा, आकड्यासारखी दिसते. ‘४११.०१’ सुद्धा पास. आपल्याला हवा आहे ‘नंबर’ हा टॅग, तो फक्त अंक घेतो. तरी ‘०११००१’ त्यातून सुटतेच. तिला अडवायला ‘स्टार्ट्सनॉटविथ ०’ जोडावा लागतो. या लायब्ररीत रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे मजकूर जुळवणाऱ्या पॅटर्नचा, टॅग मुद्दाम ठेवलेला नाही, कारण स्वल्पविराम आणि बरोबरचं चिन्ह टॅगच्या रचनेत आधीच वापरलेली आहेत. नियम याहून गुंतागुंतीचा असेल तर स्वतःचं फंक्शन लिहून रजिस्टर करायचं, आणि त्या फंक्शनच्या चाचण्या वेगळ्या लिहायच्या.

म्हणून वाईट किल्ल्यांची यादी करताना ‘एबीसी’सारखं उघड कचरा असलेलं काही घालून समाधान मानू नये. आकड्यांच्या जवळ जाणाऱ्या किल्ल्या घाला: पाच अंकी, सात अंकी, शून्याने सुरू होणारी, शेवटी एक अक्षर असलेली, उणे चिन्हाची, दशांशाची, रिकामी स्ट्रिंग, पुढे-मागे मोकळी जागा असलेली, आणि ‘४११ ००१’ अशी मध्ये जागा सोडलेली. पत्त्यावर पिनकोड असा तीन-तीन अंकांत लिहिण्याची सवय आहे, त्यामुळे ही शेवटची किल्ली रोजच्या डेटात येणारच. ती नाकारायची की जागा काढून घ्यायची, हे आधी ठरवा आणि ठरवलेलं चाचणीत लिहा.

व्हॅल्यूसाठी काठावरचे आकडे: उणे १, ०, १, ४९९, ५००, ५०१. यात शून्याकडे खास लक्ष द्या. व्हॅल्यू ‘आवश्यक’ करायची म्हणून एन्डकीजनंतर रिक्वायर्ड टॅग लावला तर व्हॅलिडेटर शून्याला ‘दिलेलंच नाही’ समजतो आणि मोफत डिलिव्हरीचे सगळे पिनकोड नाकारतो. रिक्वायर्ड मॅपवर लावला तर उलटी गडबड: तो फक्त मॅप निल, म्हणजे तयारच न केलेला, आहे का एवढंच पाहतो. रिकामा पण निल नसलेला मॅप त्यातून पास होतो. रिकामा जेसन ऑब्जेक्ट वाचला की गोमध्ये नेमका असाच मॅप तयार होतो. ‘किमान एक जोडी’ हवी असेल तर मिन १ च लागतो, आणि तो निल मॅपलाही अडवतो.

एररची जागा तपासताना एक बारकावा. या लायब्ररीत किल्ली चुकली काय किंवा व्हॅल्यू चुकली काय, जागेचं नाव एकच येतं: फील्डचं नाव आणि चौकोनी कंसात किल्ली. फरक फक्त टॅगच्या नावात आणि एररसोबत येणाऱ्या व्हॅल्यूत असतो. किल्ली आणि व्हॅल्यू दोघांनाही मॅक्स लावला असेल तर जागा आणि टॅग दोन्ही सारखे दिसतील. अशा वेळी चाचणीत नाकारलेली व्हॅल्यूसुद्धा तपासा, नाहीतर कोणाला अडवलं ते कळत नाही.

नल आणि जेसनमधून येणारे बाकीचे धक्के

वरच्या सगळ्या चाचण्यांत मॅप कोडमध्येच बनवला आहे असं धरलं होतं. खरा मॅप येतो जेसनच्या मजकुरातून, आणि व्हॅलिडेटरपर्यंत पोहोचण्याआधी त्याचं बरंच काही झालेलं असतं.

समजा ४११००१ समोर नल, म्हणजे जेसनमधलं ‘काहीच नाही’, आला. गोमध्ये व्हॅल्यूचा प्रकार साधा इंट, म्हणजे पूर्णांक, असेल तर एन्कोडिंग-जेसन हे पॅकेज नलला ‘काही करू नका’ असं समजतं, आणि त्या किल्लीसमोर इंटची शून्य व्हॅल्यू बसते. आपल्या नियमात ० वैध आहे. म्हणजे दर भरायचा राहून गेलेला पिनकोड मोफत डिलिव्हरीचा झाला, आणि व्हॅलिडेटरने त्याला हिरवा कंदील दिला. व्हॅलिडेटरची यात चूक नाही, त्याच्या हातात आलेला ० खरा ० होता का नल, हे त्याला कळायला मार्गच नाही. उपाय म्हणजे व्हॅल्यूचा प्रकार इंटचा पॉइंटर (आकड्याच्या जागेचा पत्ता, जो निलही असू शकतो) करणे आणि मग रिक्वायर्ड, मिन ०, मॅक्स ५०० लावणे. पॉइंटरवर रिक्वायर्ड फक्त निल आहे का ते पाहतो, त्यामुळे खरा ० पास होतो आणि नल अडतो. या दोन्ही जेसनवर चाचणी हवीच.

दुसरा धक्का दुहेरी किल्ल्यांचा. एकाच ऑब्जेक्टमध्ये ४११००१ दोनदा आला, एकदा ४० आणि एकदा ६०. जेसनचं मानक किल्ल्या वेगवेगळ्या असाव्यात अशी शिफारस करतं, सक्ती करत नाही. गो, पायथन आणि जावास्क्रिप्ट यांचे नेहमीचे पार्सर शेवटची जोडी ठेवतात आणि काही बोलत नाहीत. मॅप तयार झाला की पुरावा संपला. त्यानंतर कुठलाही व्हॅलिडेटर ही चूक पकडू शकत नाही. पकडायचीच असेल तर वाचतानाच पकडावी लागते. पायथनच्या पार्सरला ऑब्जेक्ट पेअर्स हुक हे फंक्शन दिलं तर जोड्यांची पूर्ण यादी हातात येते आणि पुनरावृत्ती मोजता येते. जावाच्या जॅक्सन या जेसन वाचणाऱ्या लायब्ररीत दुहेरी किल्ल्या कडकपणे शोधण्याचं सेटिंग आहे, पण ते आपण चालू करावं लागतं.

तिसरा धक्का किल्लीच्या प्रकाराचा. जेसनमध्ये किल्ली नेहमी स्ट्रिंगच असते, पण गोमध्ये मॅपची किल्ली इंट ठेवली तर ती स्ट्रिंग आकड्यात बदलली जाते. पिनकोड शून्याने सुरू होत नाहीत म्हणून तिथे हे जाणवत नाही. तोच कोड एसटीडी कोडला लावला तर मात्र पुण्याचा ०२० होतो २०, मुंबईचा ०२२ होतो २२, आणि ‘०२०’ व ‘२०’ अशा दोन किल्ल्या आल्या तर त्या एकात मिसळतात. ज्या आकड्यांची बेरीज करायची नाही, त्या किल्ल्या स्ट्रिंगच ठेवाव्यात. याम्ल या दुसऱ्या फॉर्मॅटमध्ये याच्या उलट घडतं: अवतरणचिन्हं नसलेला पिनकोड किल्ली म्हणून लिहिला तर पायथनची पायाम्ल लायब्ररी त्याला पूर्णांक समजते, आणि स्ट्रिंगसाठी लिहिलेला नियम एकतर कोसळतो किंवा लागतच नाही.

म्हणून चाचण्यांचे दोन थर ठेवा. एक थर नियमांचा, मॅप कोडमध्ये बनवून. दुसरा थर जेसनच्या कच्च्या मजकुरापासून थेट व्हॅलिडेटरच्या निकालापर्यंत. दुसऱ्या थरात चाचण्या कमी लागतात: नल, दुहेरी किल्ली, आकड्याऐवजी स्ट्रिंग, दशांश, रिकामा ऑब्जेक्ट, फील्डच नाही. पण त्या सहा नसतील तर पहिल्या थरातल्या साठ चाचण्याही पुरत नाहीत.

जावा: नियम कंसाच्या आत की बाहेर

जावात २०१७ साली आलेल्या बीन व्हॅलिडेशन २.० या मानकापासून नियम मॅपच्या प्रकाराच्या आतच लिहिता येतात: कोनी कंसात स्ट्रिंगच्या आधी पॅटर्न, इंटिजरच्या आधी मिन आणि मॅक्स. त्याआधी मॅपवर व्हॅलिड लावला तर फक्त व्हॅल्यू तपासल्या जात; किल्लीसाठी सोयच नव्हती. जुन्या प्रोजेक्टमध्ये हा समज अजून शिल्लक असतो.

इथली मुख्य चूक म्हणजे नियम कंसाच्या बाहेर जाणं. पॅटर्न किंवा मिन मॅपच्या फील्डवरच बसला तर लायब्ररी मोठ्याने तक्रार करते: या प्रकारावर हा नियम चालत नाही. पण साइझ मॅपवर चालतो. ‘किल्ली सहा अक्षरांची’ म्हणून लिहिलेला साइझ सहा-सहा बाहेर गेला तर तो म्हणतो, मॅपमध्ये बरोबर सहा जोड्या हव्यात. तुमच्या चाचणीच्या मॅपमध्ये योगायोगाने सहाच जोड्या असतील तर सगळं हिरवं.

जावात नलचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. मिन, मॅक्स आणि पॅटर्न हे तिन्ही नलला वैध मानतात. जेसनमधला नल मॅपमध्ये नल म्हणूनच येतो आणि सगळे नियम पार करतो. त्यामुळे व्हॅल्यूवर नॉटनल वेगळा लावावा लागतो. शिवाय जॅक्सन २ मध्ये मूळ सेटिंगनुसार ४०.५ हा आकडा इंटिजरमध्ये वाचताना ४० होतो. व्हॅलिडेटरला फक्त ४० दिसतो. गोमध्ये हेच जेसन वाचतानाच एरर देतं. एकाच जेसनवर दोन सर्व्हिस दोन निकाल देतात ते अशा जागी.

जावाची एक गोष्ट मात्र गोपेक्षा सोपी आहे. एररच्या मार्गात किल्ली चुकली का व्हॅल्यू चुकली हे स्पष्ट लिहून येतं, ‘मॅप की’ किंवा ‘मॅप व्हॅल्यू’ असं. चाचणीत तोच मार्ग तपासा. एररचं वाक्य तपासू नका, ते भाषेच्या सेटिंगप्रमाणे बदलतं. पायथनच्या पायडँटिक २ या तपासणीच्या लायब्ररीतही किल्लीच्या एररच्या जागेत शेवटी ‘की’ अशी खूण असते.

जेसन स्कीमा: जुळलं नाही म्हणजे नाकारलं, असं नाही

नियम भाषेच्या बाहेर ठेवायचे असतील तर जेसन स्कीमा वापरतात. जोड्यांच्या संख्येसाठी मिनप्रॉपर्टीज आणि मॅक्सप्रॉपर्टीज, किल्लीसाठी प्रॉपर्टीनेम्स, व्हॅल्यूसाठी अॅडिशनलप्रॉपर्टीज.

बरेच जण मात्र पॅटर्नप्रॉपर्टीज वापरतात: ‘या पॅटर्नच्या किल्लीची व्हॅल्यू अशी हवी’. ते योग्यच आहे, फक्त पॅटर्नशी न जुळणाऱ्या किल्लीचं काय, याचं उत्तर ते देत नाही. अॅडिशनलप्रॉपर्टीज फॉल्स केलं नसेल तर न जुळणारी किल्ली वैध ठरते आणि तिची व्हॅल्यूही कोणी तपासत नाही. किल्ली जितकी चुकीची तितकी तिला मोकळीक जास्त, अशी ही उलटी अवस्था होते. चाचणी: किल्ली ‘पुणे’, व्हॅल्यू ९९९९९. ही जोडी आत गेली तर स्कीमा अर्धवट आहे.

दुसरं म्हणजे स्कीमामधला पॅटर्न दोन्ही टोकांना आपोआप बांधला जात नाही. सुरुवातीची आणि शेवटची खूण लिहिली नाही तर सात अंकांच्या किल्लीतही सहा अंक सापडतात आणि ती पास होते. गोचं मॅचस्ट्रिंग फंक्शनही असंच मधे कुठेही शोधतं. जावाचा पॅटर्न मात्र पूर्ण मजकूर जुळवतो. म्हणून एकच पॅटर्न एका जागेहून दुसरीकडे नेला की सात अंकांची चाचणी सोबत न्यावी. पायथनमध्ये आणखी एक बारीक भोक आहे: शेवटची डॉलरची खूण मजकुराच्या शेवटच्या नव्या ओळीच्या आधीही जुळते. पिनकोडच्या मागे न्यूलाइन चिकटलेली किल्ली रिडॉट-मॅच या जुळवणाऱ्या फंक्शनमधून पास होते. फुलमॅच वापरला की भोक बंद.

मराठी मजकुराची किल्ली असेल तर

बहुतेक लेख आणि लायब्ररींची उदाहरणं इंग्रजी अक्षरांवर थांबतात, आणि आपला डेटा तिथे थांबत नाही.

अंकांपासून सुरू करू. पायथन ३ मध्ये स्ट्रिंगवर बॅकस्लॅश-डी, म्हणजे ‘कुठलाही अंक’, हा पॅटर्न देवनागरी अंकांनाही जुळतो. म्हणून देवनागरी अंकांत टाइप केलेला पिनकोड ‘सहा अंक’ या नियमातून पास होतो, आणि इंट फंक्शन त्याचा बरोबर आकडाही काढतं. पण स्ट्रिंग म्हणून ती इंग्रजी अंकांतल्या किल्लीहून वेगळी आहे, त्यामुळे दर शोधताना सापडत नाही. गो आणि जावास्क्रिप्टमध्ये तोच पॅटर्न फक्त इंग्रजी अंक घेतो. जावातही, युनिकोडचा पर्याय चालू केला नसेल तर. पॅटर्नमध्ये शून्य ते नऊ असा कंस स्पष्ट लिहिला की भाषांमधला हा फरक संपतो.

मग लांबी. ‘पुणे’ हा शब्द वाचणाऱ्याला दोन अक्षरांचा. युनिकोडमध्ये त्यात चार चिन्हं आहेत: प, उकार, ण, मात्रा. यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट. गोचं लेन फंक्शन बारा सांगतं, त्याच गोमधल्या प्लेग्राउंड व्हॅलिडेटरचा मॅक्स चार मोजतो, जावाची लांबीही चार. किल्लीवर ‘कमाल २०’ अशी मर्यादा लिहिताना विसापुढे एकक हवं. आणि चाचणीत इंग्रजी वीस अक्षरांसोबत देवनागरी वीस चिन्हांची किल्लीही हवी, कारण इंग्रजीत बाइट आणि चिन्ह यांची संख्या सारखीच येते आणि चूक झाकली जाते.

सगळ्यात फसवं प्रकरण ‘वऱ्हाड’ या शब्दाचं. यातला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पहिल्या प्रकारात शब्दात सहा चिन्हं, अठरा बाइट. दुसऱ्यात सात चिन्हं, एकवीस बाइट. पडद्यावर दोन्ही सारखेच. मॅपच्या दृष्टीने या दोन वेगळ्या किल्ल्या आहेत. एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एका ठरलेल्या रूपात आणणं, केलं की दोन्ही एक होतात. पण तिसरा प्रकारही आहे: र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह. काही कीबोर्ड असंच लिहितात. एनएफसी या चिन्हाला हात लावत नाही, त्यामुळे ही किल्ली वेगळीच राहते. तिला पहिल्या रूपात आणायचं असेल तर ती बदली स्वतः लिहावी लागते. जॉइनर सरसकट काढून टाकू नका. तो काढला की र चा रफार होतो आणि शब्दाचं रूपच बिघडतं.

हीच गोष्ट मोकळ्या जागा काढणं आणि लहान-मोठी अक्षरं सारखी करणं यांनाही लागू. साफसफाईनंतर दोन किल्ल्या एक होऊ शकतात, आणि कुठली व्हॅल्यू उरेल हे गोमध्ये तर दर वेळी वेगळं असू शकतं. क्रम असा ठेवा: आधी साफसफाई, मग टक्कर झाली का ते पाहणं, मग नियम. टक्कर झाली तर एरर. या तिन्ही पायऱ्यांना मिळून एक चाचणी पुरते: मागे जागा असलेला आणि नसलेला एकच पिनकोड, वेगळ्या दरांसह.

संख्या, क्रम आणि कधीतरीच लाल होणारी चाचणी

जोड्यांच्या मर्यादेसाठी चार आकार: ०, १, १०००, १००१. हजार किल्ल्या लूपने बनवताना त्या वेगवेगळ्या आहेत याची खात्री करा. यादृच्छिक सहा अंकी आकडे घेतले तर एखादा पुन्हा येतो, मॅपमध्ये १००१ ऐवजी १००० च जोड्या राहतात आणि चाचणी कधी पास होते, कधी पडते. ४००००१ पासून एकेक वाढवत जाणं सोपं आणि पक्कं. मॅपची लांबी अपेक्षेइतकी आहे का, हे व्हॅलिडेटरला देण्याआधी तपासा.

गोमध्ये मॅपवरचा लूप मुद्दाम दर वेळी वेगळ्या क्रमाने चालतो. जावाच्या हॅशमॅपमध्ये क्रमाची हमी नाही. पायथन ३.७ पासून डिक्शनरी भरल्याचा क्रम ठेवते. जावास्क्रिप्टचा ऑब्जेक्ट आकड्यासारख्या किल्ल्या चढत्या क्रमाने देतो, त्यामुळे पिनकोड आपोआप क्रमात लागतात आणि क्रमावर अवलंबून असलेली चूक तिथे दिसतच नाही. दोन जोड्या बिघडवून ‘पहिली एरर अमुक’ असं तपासणारी चाचणी गोमध्ये कधी पास होईल, कधी पडेल. सगळ्या एरर जागेनुसार लावून पूर्ण यादी ताडून पाहा, आणि नव्या चाचण्या गोच्या टेस्ट कमांडला काउंट १०० देऊन शंभर वेळा चालवून घ्या.

हाताने लिहिलेल्या उदाहरणांसोबत यंत्राने बनवलेली उदाहरणं घालायची असतील तर मॅपला शोभणारे तीन गुणधर्म आहेत. वैध मॅपमध्ये आणखी एक वैध जोडी घातली तर, मर्यादा ओलांडली नसेल, तो वैधच राहतो. वैध मॅपमध्ये नवी अवैध जोडी घातली तर तो अवैध होतो, आणि मर्यादा ओलांडली नसेल तर एरर त्याच जोडीची येते. जोड्या कुठल्याही क्रमाने भरल्या तरी निकाल तोच. पायथनच्या हायपोथेसिस या उदाहरणं बनवणाऱ्या लायब्ररीत डिक्शनरीज नावाची रचना यासाठीच आहे, गोमध्ये १.१८ पासून फझिंग, म्हणजे यंत्राने बनवलेल्या इनपुटवर चाचणी, भाषेच्या साधनांतच आलं आहे.

किल्ली आणि व्हॅल्यू यांना एकच नियम नको

सर्व्हरवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीची लेबलं हे याचं चांगलं उदाहरण. किल्लीत ऐच्छिक पूर्वपद, मग तिरकी रेघ आणि मग नाव. नाव कमाल ६३ अक्षरांचं, रिकामं चालत नाही. पूर्वपद कमाल २५३ अक्षरांचं आणि डोमेनच्या नावासारखं, म्हणजे लहान लिपीतच. नावात मात्र मोठी अक्षरं चालतात. व्हॅल्यूही कमाल ६३, पण ती रिकामी चालते. नाव आणि रिकामी नसलेली व्हॅल्यू या दोन्हींची सुरुवात आणि शेवट अक्षराने किंवा अंकाने व्हायला हवा.

अशा जोड्यांसाठी स्वतःचा व्हॅलिडेटर लिहिताना एकच फंक्शन किल्ली आणि व्हॅल्यू दोघांना लावण्याचा मोह होतो, कारण नियम जवळजवळ सारखे दिसतात. चाचण्या नेमक्या त्या ‘जवळजवळ’वर हव्यात: रिकामी व्हॅल्यू पास, रिकामी किल्ली नापास. ६३ पास, ६४ नापास, हे नाव आणि व्हॅल्यू दोघांसाठी वेगवेगळं. पूर्वपदात मोठं अक्षर नापास, तेच अक्षर नावात पास. पूर्वपद आहे आणि रेघेनंतर काहीच नाही, नापास. दोन रेघा, नापास. आणि याम्लमध्ये अवतरणांशिवाय १.१० लिहिलेली व्हॅल्यू: ती आकडा म्हणून वाचली जाते आणि लेबलला स्ट्रिंगच लागते, म्हणून नापास.

सगळं लिहून झाल्यावर एक अर्ध्या तासाचं काम राहतं, आणि ते टाळू नये. नियम एकेक करून काढा आणि दर वेळी चाचण्या चालवा. आपल्या दरांच्या यादीत आधी डाइव्ह आणि कीज-एन्डकीज हे पूर्ण काढा. मग परत घालून ‘नंबर’च्या जागी न्यूमरिक लिहा. मग स्टार्ट्सनॉटविथ काढा, मॅक्स ५०० चा ५०१ करा, मिन १ च्या जागी रिक्वायर्ड लिहा, पॉइंटरचा साधा इंट करा. सहा बदल, आणि प्रत्येक बदलाला किमान एक चाचणी लाल व्हायला हवी. जो बदल सगळं हिरवं ठेवून जातो, तिथली चाचणी अजून लिहायची आहे.